प्रकल्प नोंदी: रूपकातलं गाणं आणि राखून ठेवलेला षड्ज (नाशिक)

५ जानेवारी

काम ठरलं: साडेपाच मिनिटांच्या आतलं एक नवं मराठी गाणं. एक गायिका, तानपुरा, तबला, व्हायोलिन. हार्मोनियमचं नंतर बघू. ऐकणाऱ्याच्या घशात आवंढा यावा, हे उद्दिष्ट पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे, म्हणजे पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्यावर घासून बघता येईल. गाणं गोड होणं ही वेगळी गोष्ट. गोड गाणी पुष्कळ असतात आणि ऐकणारा ती ऐकत ऐकत भाजी निवडतो.

मुखडा:

दार उघडंच ठेवलंय, आई
पाऊल तुझं वाजत नाही

पहिला अंतरा:

लुगडं तुझं दोरीवर आहे
वारा त्याला हलवत राहे

दुसरा अंतरा:

चूल पेटली, दूध उतू गेलं
सांगायचं होतं, राहून गेलं

आधीच्या खर्ड्यातले ‘अश्रू’, ‘वेदना’ आणि ‘हुंदका’ हे तिन्ही शब्द काढले. भावनेचं नाव गाण्यातच घेतलं की ऐकणाऱ्याला स्वतः करायला काही उरत नाही. दार, दोरी, चूल, दूध एवढ्यावर भागतं. आई गेली आहे, गावी आहे की रुसून बसली आहे, हेही शब्दांत कुठे सांगितलेलं नाही आणि ते तसंच राहू द्यायचं आहे.

९ जानेवारी

राग जोगिया. आरोहात सा रे म प ध सां, अवरोहात सां नी ध प, ध म, रे सा. रे आणि ध कोमल. या नोंदींत पुढे रे आणि ध लिहिलं की कोमलच समजावेत. वादी, म्हणजे मुख्य स्वर, मध्यम. गांधार वर्ज्य, फार तर मध्यमावरून ऋषभाकडे येताना कणापुरता. गुणक्री या जवळच्या रागाशी गल्लत होऊ नये म्हणून अवरोहातला निषाद जपायचा आणि रे-ध वर भैरवासारखं आंदोलन घ्यायचं नाही.

इथे एक जुना मुद्दा निघाला. नाट्यशास्त्रात करुण रसासाठी गांधार आणि निषाद सांगितले आहेत. जोगियात गांधार जवळजवळ नाही, निषाद फक्त उतरताना, तरी राग करुणच. नाट्यशास्त्रकार भरताच्या ग्रामांतले, म्हणजे जुन्या स्वरसप्तकांतले, स्वर आणि आजचे स्वर एकास एक जुळत नाहीत हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की स्वर एकटा करुण नसतो. तो कोणत्या स्वराकडे ओढला जातो आणि तिथे पोचतो की नाही, यावर सगळं अवलंबून असतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये ८३ श्रोत्यांना विचारलं होतं की संगीतातल्या नेमक्या कोणत्या जागी शरीरात काही होतं. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांमध्ये एक प्रकार ठळकपणे पुढे आला: मुक्कामाच्या स्वरावर थेट न उतरता शेजारच्या स्वरावर रेंगाळणं आणि मग उतरणं. तिथलं संगीत पाश्चात्त्य होतं, पण जोगियात ही सोय रागाच्या चलनातच आहे: पंचमाआधी धैवत, षड्जाआधी ऋषभ.

या गाण्याचा आराखडा त्यावरूनच बांधला. ‘नाही’ हा शब्द प्रत्येक वेळी रे वर थांबेल, सा वर येणार नाही. तानपुरा खाली सतत षड्ज सांगत राहील आणि गायिका त्याच्या वर एका अर्ध्या स्वरावर अडकून राहील. षड्जावर मुक्काम संपूर्ण गाण्यात एकदाच द्यायचा, शेवटी. बाकीची सगळी योजना या एका स्वराच्या दिमतीला.

आलापातही षड्जावर न्यास, म्हणजे मुक्काम, नाही. हे गायिकेला सर्वांत जड जाणार, कारण तालीम अशी असते की फिरून घरी या.

१४ जानेवारी

ताल. केरवा, दादरा, दीपचंदी आणि रूपक चारही लावून बघितले. केरव्यात शब्द सुरेख बसले पण गाणं भजनाकडे झुकलं. दादऱ्यात झोका आला, तो इथे नको. दीपचंदीच्या चौदा मात्रांत ओळ लांबली की ठुमरीचं वळण घेते.

रूपक ठेवला: तीं तीं ना | धीं ना | धीं ना. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ही ‘खाली’ असते, टाळीविना सोडलेली. बाकी तालांत समेवर बायाँचा (डग्ग्याचा) भार मिळतो, इथे समेवर बायाँ गप्प असतो. मुखडा चौथ्या मात्रेवरून उचलला: ‘दार उघडंच ठेवलंय’ धीं ना धीं ना वर, आणि ‘आई’ समेवर. दुसऱ्या ओळीत ‘नाही’ समेवर. म्हणजे ज्या दोन शब्दांवर सगळं उभं आहे, ते ज्या जागी येतात तिथे पायाखाली घुमारा नाही. हे ऐकणाऱ्याला ताल कळो न कळो, कानाला जाणवतं.

तबलजींना एकच विनंती: समेवरच्या ‘तीं’ला सवयीने बायाँचा हलका गमकसुद्धा लावायचा नाही. जलद रूपकात बरेच जण ‘धीं’सारखा भरीव ठोका देतात. इथे तो दिला की योजना कोसळते.

लय मिनिटाला ६६ मात्रा ठेवली. एक आवर्तन साधारण ६.४ सेकंदांचं. ५४ वर आवर्तन पावणेआठ सेकंदांच्या आसपास जातं, ओळीच्या शेवटी दम संपतो आणि ‘आई’तला ई कापतो. तो काप खऱ्या भावनेसारखा वाटत नाही, दम संपल्यासारखाच वाटतो. ७६ वर ओळ सुटसुटीत होते पण धैवतावर रेंगाळायला जागा राहत नाही.

१९ जानेवारी

स्वरपट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीला षड्ज धरायचा. काळी पाच, काळी चार आणि पांढरी चार यांत तुलना. दुसऱ्या अंतऱ्यातली ‘सांगायचं होतं’ ही ओळ तार षड्जावरून तार ऋषभाला जाते आणि गाण्याचा माथा तोच.

पांढरी चारमध्ये हा माथा गायिकेला सहज येतो, आणि सहज येतो म्हणून ऐकणाऱ्याला काही होत नाही. शिवाय मंद्रातला ध पोकळ लागतो. काळी पाचमध्ये तार ऋषभ ४९४ हर्ट्झच्या घरात जातो, तिथे आवाज आवळला जातो आणि ऐकणारा गाण्याऐवजी गायिकेच्या गळ्याची काळजी करायला लागतो. काळी चारमध्ये तार षड्ज ४१५ हर्ट्झ, तार ऋषभ ४४० च्या जरा वर. इथे आवाजाला थोडं रेटावं लागतं पण तो तुटत नाही. ही पट्टी नक्की.

स्वरांवर अक्षरं कशी पडतात तेही आजच तपासलं. लांब स्वर ‘आ’ किंवा ‘ए’ वर घ्यायचे. ‘आई’मध्ये जवळजवळ सगळा वेळ आ वर राहून ई अगदी शेवटी, मध्यमाकडे उतरताना मिटवायचा. ‘सांगायचं’मध्ये माथा ‘गा’ वर. ‘सां’च्या अनुस्वारावर थांबलं की आवाज नाकात जातो.

२३ जानेवारी

तानपुरा. पहिली तार पंचमात की मध्यमात? जोगियाचा वादी मध्यम आहे आणि पंचम तुलनेने दुबळा, म्हणून मध्यमात लावली. हिशेबही जमतो. मध्यम षड्जाच्या ४/३ पट आणि ऋषभ १६/१५ पट धरला तर दोघांतलं अंतर बरोबर ५/४ येतं, म्हणजे ऋषभ मध्यमाशी सुखाने जुळतो आणि षड्जाशी मात्र झगडत राहतो. गायिका ‘नाही’च्या रे वर थांबते तेव्हा एकाच तानपुऱ्यातून तिला आधारही मिळतो आणि ओढही. पंचमाच्या तारेवर ही गंमत येत नाही. काही गायक रे याहूनही उतरता लावतात. इथे तसं केलं तर मध्यमाशी असलेलं हे नातं सुटतं, म्हणून केलं नाही.

मोबाइलवरचा तानपुरा रियाजाला ठीक. ध्वनिमुद्रणात त्याचं चक्र तंतोतंत तेच तेच येतं आणि दोन मिनिटांनी कान त्याला वगळायला शिकतो. खरा तानपुरा सलग वाजवून घ्यायचा. छेडण्याची गती तबल्याच्या मात्रेशी जुळू द्यायची नाही, नाहीतर तोही ताल धरल्यासारखा वाटतो.

जानेवारीतल्या नाशिकच्या हवेची इथे अडचण होते. पहाटेच्या गारठ्यात लावलेली तार उन्हं वर आली की उतरते, आणि कोरड्या हवेत तबल्याची पुडी उलट चढत जाते. दोघं विरुद्ध दिशांना जातात. उपाय म्हणजे वाद्यं खोलीत दोन तास आधी आणून ठेवणं आणि प्रत्येक टेकआधी दोन्ही पुन्हा मिळवणं. दायाँ (उजव्या हाताचा तबला) मध्यमात, म्हणजे काळी एकमध्ये लावला आहे. सव्वापाच इंची तोंडाचा.

२८ जानेवारी

हार्मोनियम बाद. काळी चारचा षड्ज २०७.६५ हर्ट्झ. पेटीतला कोमल ऋषभ २२०, आणि १६/१५ ने येणारा २२१.५. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला आवाजाचे दीडेक हेलकावे ऐकू येतात. धैवतात फरक आणखी मोठा: पेटी ३२९.६, गळा ३३२.२. बाकी बऱ्याच गाण्यांत हे खपून जातं. इथे सगळा डाव याच दोन स्वरांवर आहे. त्यातून पेटीला मींड, म्हणजे स्वरावरून स्वरावर घसरत जाणं, नाही; म वरून रे कडे येणारी उतरण पेटी पायऱ्यांची करून टाकते आणि गायिका नकळत त्या पायऱ्या चढू-उतरू लागते.

व्हायोलिनचं काम: मुखड्यात गप्प. पहिल्या अंतऱ्यानंतर गायिकेच्या मागून अर्ध्या मात्रेने, सावलीसारखं. तिच्याबरोबर एकाच क्षणी तोच स्वर कधीच घ्यायचा नाही, कारण तसं झालं की एकटा आवाज एकटा राहत नाही. दुसऱ्या अंतऱ्यात एकदाच मोकळं वाजवायचं आणि मग शेवटपर्यंत गज खाली.

१ फेब्रुवारी

दुसऱ्या अंतऱ्याला नाशिक ढोल आणावा अशी सूचना आली. सूचना मनापासूनची होती, म्हणून तिचा नीट विचार केला. ढोलाने अंगावर काटा येतो हे रविवार कारंज्याजवळ मिरवणुकीत उभं राहिलेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. पण तो काटा मोठ्या आवाजाचा, छातीत घुमणाऱ्या खर्जाचा आणि गर्दीचा असतो. शरीर हालचालीसाठी सज्ज होतं. आवंढ्याला शरीर सैल व्हावं लागतं. बोलण्यातलं दुःख जसं हळू, संथ, उतरत्या सुरात आणि कमी धारेचं असतं, तसंच गाण्यातलंही. ढोल नाही.

पहाटे गोदावरीवरच्या रामकुंडावरून आणलेले आवाजही वगळले, आणि हे वगळणं जास्त जिवावर आलं. पाण्याचा आवाज सुंदर मिळाला होता. पण नाशिककराच्या कानाला रामकुंड म्हणजे अस्थिविसर्जन. पहिल्याच सेकंदाला गाण्याचा अर्थ कुलूपबंद होतो आणि जिची आई दूर गावी आहे, ती मुलगी गाण्याबाहेर राहते. दुसरं, त्या आवाजांत आलेल्या घंटेला स्वतःचा सूर असतो आणि तो काळी चारशी जुळत नव्हता.

७ फेब्रुवारी

आलापाची लांबी. सुरुवातीचा आराखडा दोन मिनिटांच्या आलापाचा होता, तो ३५ सेकंदांवर आणला. नाशिकमध्ये या विषयावर बोलताना गायक दत्तात्रेय विष्णु (बापूराव) पलुसकरांचं नाव निघतंच. त्यांचा जन्म १९२१ मध्ये इथलाच, आणि वडील विष्णु दिगंबरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात इथेच रामनाम आधार आश्रम चालवला. बापूराव अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ मध्ये गेले. त्यांच्या काळची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावून घ्यायची. त्या मर्यादेत राग उभा करायचा तर पहिल्या दोन-तीन स्वरसंगतींतच तो दिसायला लागतो. आमच्या आलापात तीनच गोष्टी ठेवल्या: सा रे म ही झेप, ध म ची संगती, आणि म वरून रे वर येऊन थांबणं.

१२ फेब्रुवारी

पूर्ण आराखडा असा बसला. पहिले १४ सेकंद फक्त तानपुरा. मग आलाप. ०:५० ला मुखडा, तबल्याशिवाय. दीड मिनिटाच्या सुमाराला तबला शिरतो. शिरताना तिहाई नाही, उठाण नाही, नुसता ठेका. पहिला अंतरा, मुखडा, व्हायोलिन. दुसरा अंतरा, माथा. ‘राहून गेलं’ ही ओळ माथ्यानंतर लगेच, आवाज एकदम खाली आणून, जवळजवळ बोलल्यासारखी. तिथे तबला आणि व्हायोलिन दोन्ही थांबतात.

आणि मग एक आवर्तन रिकामं. फक्त तानपुरा.

ही सव्वासहा-साडेसहा सेकंदं म्हणजे गाण्यातली सर्वांत महाग जागा. ती चालते ती केवळ आधीच्या तीन मिनिटांत ठेका इमानाने वाजला म्हणून. तबला थांबला तरी ऐकणारा आत मात्रा मोजत राहतो. तबलजींनी आधी जास्त लग्ग्या-लडी (ठेक्यात जलद भरणी) वाजवल्या, तर मोजणं पक्कं होत नाही आणि रिकामं आवर्तन नुसती फट वाटते. तानपुराही थांबवून बघितला. तेव्हा गाणं संपलं असं वाटतं आणि लक्ष सुटतं.

मॉन्ट्रियलमध्ये २०११ साली झालेल्या एका मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, आवडत्या संगीतातली शिखराची जागा यायच्या आधीच वाट बघण्याच्या काळात डोपामीन सुटतं आणि प्रत्यक्ष शिखरावर मेंदूच्या दुसऱ्या भागात सुटतं, असं दिसलं. म्हणजे वाट बघणं हा अनुभवाचा निम्मा भाग आहे, आणि तो रचनाकाराच्या हातात आहे.

रिकाम्या आवर्तनानंतर मुखडा परत येतो, ठेक्याविना, लय साधारण ६० पर्यंत सैल. ‘नाही’ रे वर येतो, थांबतो, आणि या एका वेळी सा वर उतरतो.

१६ ते १८ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण. जागा गंगापूर रोडच्या आतल्या बाजूची, तळमजल्यावरची मागची खोली. दोन भिंतींवर गाद्या उभ्या, गायिकेच्या पाठीमागे गोधड्या दुहेरी. वेळ रात्री अकरानंतर. त्याआधी कुकर, पाण्याच्या टाकीची मोटर आणि रिक्षा उसंत देत नाहीत. पंखा आणि फ्रिज बंद. (गाडीची किल्ली फ्रिजच्या बटणाजवळ टांगून ठेवावी, म्हणजे जाताना फ्रिज परत चालू करायचं राहत नाही.)

गायिकेसमोर मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माइक, वीत-सव्वावीत अंतरावर, तोंडाच्या रेषेपेक्षा किंचित वर. तबला त्याच खोलीत, माइकच्या बरोबर पाठीमागे, कारण कार्डिऑइड माइक मागून सर्वांत कमी ऐकतो. वेगवेगळं मुद्रण केलं असतं तर मिश्रण सोपं झालं असतं. पण मग दोघांना क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर, वाजवावं लागतं, आणि क्लिकवर ‘आई’चा धैवत पाव मात्रा लांबवता येत नाही. तबलजी गायिकेचा श्वास बघून वाजवतात, तो बघता आला पाहिजे.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. पातळी शिखराला उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवली. ‘राहून गेलं’ आणि माथा यांच्यात मोठा फरक आहे, त्यामुळे घाबरून मधे पातळी बदलायची नाही.

आधी अर्धा तास मंद्र साधना, कोमट पाणी. माथ्याची ओळ सलग पुन्हापुन्हा घेतली की ती सफाईदार होत जाते आणि तिच्यातली निकड जाते. म्हणून प्रत्येक टेक पूर्ण गाण्याचा. निवडताना सुरांतली सफाई दुसऱ्या क्रमांकावर. पहिला निकष, ‘सांगायचं होतं’ हे कोणाला तरी सांगितलं जातंय असं वाटतं का.

गायिकेने रडत गायचं नाही. घसा आवळला की सूर चढतो, स्वराचा शेवट तुटतो आणि ऐकणारा प्रेक्षक होऊन बघत बसतो. बांध तिने धरायचा.

२४ फेब्रुवारी

मिश्रण. गळ्यावर ८० हर्ट्झखाली कट. कॉम्प्रेशन (मोठा आवाज दाबून फरक कमी करणं) २:१, फार तर दोन-तीन डेसिबलचं. बाकी चढउतार हाताने, ओळीओळीने. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावलंच नाही. ते म-रे ची मींड जवळच्या पायरीवर ओढतं आणि १६/१५ चा ऋषभ पेटीच्या ऋषभावर नेऊन ठेवतं, म्हणजे २८ जानेवारीचा निर्णय उलटा फिरवतं.

घुमारा माफक: १.६ सेकंद, आधी ३५ मिलिसेकंदांची वाट, म्हणजे शब्द पुढे राहतात. माथ्यावर घुमारा वाढवायचा मोह होतो. उलट ‘राहून गेलं’वर तो कमी केला, आवाज एकदम कानाजवळ येतो.

श्वास ठेवले. गोंगाट काढणारं साधन श्वासही पुसतं, ते फक्त सुरुवातीच्या तानपुऱ्यावर चालवलं.

४ मार्च

ऐकण्याची चाचणी, पंचवटी आणि इंदिरानगरच्या घरांत, एका वेळी एकच माणूस. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न निरुपयोगी. माणसं सौजन्याने छान म्हणतात. ‘रडू आलं का?’ त्याहून वाईट, त्यात उत्तर आधीच पुरवलेलं असतं. एवढंच सांगितलं: घशात, छातीत, हातावर काही झालं की बोट वर करा. समोर वेळेची पट्टी घेऊन बसायचं आणि खूण करायची. त्यांच्याकडे बघत बसायचं नाही.

बोटं मुख्यतः दोन जागी वर आली: पहिल्या मुखड्यात ‘आई’चा धैवत पंचमावर उतरतो तिथे, आणि रिकाम्या आवर्तनानंतर आवाज परत येतो तिथे. माथ्यावर अपेक्षेपेक्षा कमी. शेवटच्या षड्जावर बोट नाही, पण तिथे बऱ्याच जणांनी श्वास सोडला. ‘राहून गेलं’आधीच्या श्वासावरही काही बोटं वर झाली, म्हणून तो श्वास आता दीड डेसिबलने वर.

पहिल्या अंतऱ्यानंतरचं व्हायोलिन निम्मं केलं. तिथे माणसं खिडकीबाहेर बघत होती.

१० मार्च

अंतिम प्रत. एकूण पातळी उणे १६ लफ्स (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), शिखर उणे १ डेसिबल. आणखी मोठी करता आली असती, पण लिमिटर (शिखरं कापणारं साधन) दाबला की ‘राहून गेलं’ माथ्याइतकंच मोठं होतं. स्ट्रीमिंग सेवा बहुतेक पातळ्या आपोआप सारख्या करतातच. मोठी प्रत तिथे खाली आणली जाते आणि तिचा चपटेपणा तेवढा शिल्लक राहतो. गाडीतल्या स्पीकरवर आणि साध्या फोनवर तपासलं. फोनवर तानपुऱ्याचा खर्ज नाहीसा होतो, रिकामं आवर्तन खरंच रिकामं होतं. म्हणून तिथे तानपुऱ्याच्या मधल्या पट्ट्यात, १ किलोहर्ट्झच्या आसपास, दोन डेसिबल वाढ.

१५ मार्च

बैठकीत सादर करायचं असल्याने ध्वनिसंयोजकासाठी वेगळा कागद केला. मॉनिटरमध्ये गायिकेला तानपुरा भरपूर, तबला कमी. रिकाम्या आवर्तनात कोणताही फेडर (पातळीची सरकती कळ) हलवायचा नाही. शांतता झाली की हात आपोआप त्याकडे जातो. घुमारा सभागृहाचाच पुरे. तबलजींनी त्या सहा-साडेसहा सेकंदांत हात पुडीवरच ठेवायचे. हात उचलून मांडीवर घेतले की गाणं संपलं असं समजून टाळ्या पडतात आणि षड्ज टाळ्यांत जातो.